घाई नसलेला आवाज

१९६६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एक गाणं बाजारात आलं आणि नोव्हेंबरमध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल'. गाणारी मंडळी 'द मंकीज', म्हणजे एका टीव्ही मालिकेसाठी निवडून एकत्र आणलेली चार पोरं. गाणं लिहिलं टॉमी बॉइस आणि बॉबी हार्ट या जोडीनं. हार्टनं रेडिओवर बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर'चा विरत जाणारा शेवट ऐकला, त्यात त्याला 'लास्ट ट्रेन' असं काहीतरी ऐकू आलं, आणि तिथून या गाण्याचं बीज पडलं. सुरुवातीचा गिटारचा नाचरा तुकडा एकदा कानावर पडला की पाय आपोआप ठेका धरतो. शब्दांकडे लक्ष जायला वेळच मिळत नाही.

शब्द मात्र ऐकण्यासारखे आहेत. एक मुलगा गोंगाटाच्या रेल्वे स्टेशनातून प्रेयसीला फोन करतोय. शेवटच्या गाडीनं ये, साडेचारपर्यंत पोच, मी स्टेशनवर थांबतो. एक रात्र आपली, सकाळी मला निघायचंय. आणि त्याच उड्या मारत्या चालीत तो सांगून टाकतो की मी घरी परत येईन की नाही, मला ठाऊक नाही. हार्टनं पुढे उघडपणे सांगितलं, हा मुलगा व्हिएतनामला निघालेला सैनिक आहे. टीव्हीवरच्या लाडक्या पोरांच्या तोंडी युद्धाचा उल्लेख थेट घालणं शक्य नव्हतं, म्हणून तो असा लपवून घातला. १९६६ संपताना व्हिएतनाममध्ये सुमारे ३ लाख ८५ हजार अमेरिकन सैनिक होते. त्यांच्यातल्या किती जणांनी निघण्याआधी याच गाण्यावर पाय थिरकवले असतील!

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते मंकीजच्या आवाजात नव्हे, अमेरिकन जॅझ गायिका कॅसँड्रा विल्सनच्या आवाजात. त्यामुळे माझ्यासाठी ते कधी आनंदी गाणं नव्हतंच. तिच्याकडे गाडी सुटायची घाई नाही. लय उतरवलेली, गिटारच्या तारा सुट्या सुट्या छेडलेल्या, बेस खालून चालतोय, आणि वर तिचा तो खर्जातला, जरा धुरकट, ओलसर आवाज. परत येण्याबद्दलचं वाक्य आलं की ते इथे तालाच्या ओघात वाहून जात नाही. ती त्यावर रडत नाही, आवाज कापरा करत नाही, कुठलीही खास हरकत घेत नाही. इतर ओळी म्हणते तशीच तीही म्हणते. फक्त आता त्या वाक्याच्या आजूबाजूला मोकळी जागा असते, आणि त्या जागेत आपल्याला त्याचा अर्थ लागतो. मागाहून मी मूळ गाणं शोधून ऐकलं. तेच शब्द, आणि चेहऱ्यावर एवढं हसू! मला अक्षरशः धक्का बसला.

तिनं हे गाणं गायलं त्या अल्बमचं नाव 'न्यू मून डॉटर'. १९९५ सालचा, ब्लू नोट या कंपनीचा. निर्माता क्रेग स्ट्रीट. १९९७ साली त्याला जॅझ गायनाचं ग्रॅमी मिळालं. पण ग्रॅमी मिळालेल्या अल्बमांचे ढीग पडलेत. मी याच्याकडे वर्षानुवर्षं परत परत जाते, त्याचं कारण वेगळं आहे. लोकप्रिय गाण्यात एक माणूस बोलत असतो, आणि गाण्याच्या लोकप्रियतेखाली तोच माणूस बरेचदा गाडला जातो. विल्सन त्याला उकरून वर काढते. त्यासाठी ती गाण्यात काही घालत नाही, उलट काढून टाकते. ड्रमचा दणका काढते, व्हायोलिनांचा ताफा काढते, जॅझ म्हटलं की हमखास येणारा पियानो काढते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेग काढते.

आपल्याकडे नव्वदीच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षं जुन्या गाण्यांचं जे झालं ते आठवून बघा. जुनं गाणं नव्यानं करायचं म्हणजे त्याची लय दुप्पट करायची, खाली एक ठोकळेबाज बीट टाकायचा आणि मध्ये कुणाचं तरी इंग्रजी बडबडगीत. त्या काळात मोठं झालेल्या माझ्यासारख्या अनेकांच्या मनात 'नवीन रूप' या शब्दांबद्दलच अढी बसली. मूळ गाण्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम होता आणि मी तो मनापासून पाळत होते. त्याच सुमारास एका मैत्रिणीनं ही सीडी हातात ठेवली. मूळ गाण्यावर इतकं प्रेम करून, इतका अभ्यास करून, त्याला इतकं मुळापासून बदलता येतं, हे मला विल्सननं दाखवलं. खरं तर मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली तेव्हा नक्कल केली नव्हती. पदं तीच होती, पण ती कुमारांच्या मनातून फिरून आलेली होती. आपण हे शास्त्रीय गाण्यात सहज मान्य करतो. रेडिओवरच्या गाण्याच्या बाबतीत मात्र लगेच सोवळं नेसून बसतो.

विल्सन कुठून आली हे कळलं की तिची निवड समजते. ती ४ डिसेंबर १९५५ ला मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात जन्मली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्याच राज्यात, एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार मारून नदीत फेकलं होतं. ती सात वर्षांची असताना, १९६३ च्या जूनमध्ये, तिच्याच शहरात नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या मेडगर एव्हर्स यांची त्यांच्या घराच्या दारात गोळी घालून हत्या झाली. वडील हर्मन फौल्क्स गिटार आणि बेस वाजवायचे, संगीत शिकवायचे. आई शिक्षिका. लहानपणी पियानोच्या शिकवणीला कंटाळून तिनं वडिलांना म्हटलं, मला गिटार शिकवा. त्यांनी शिकवलं नाही. गिटार शिकण्याची पुस्तकं तिच्या हाती दिली आणि तुझं तू शिक म्हणाले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. स्वतः चाचपडत शिकलेल्या माणसाचा हात रूढ वाटेनं जात नाही. या अल्बममधल्या गिटारींचे स्वर जे अनपेक्षित ठिकाणी पडतात, त्याची सुरुवात मला जॅक्सनच्या त्या घरात दिसते.

पुढे ती न्यू ऑर्लीन्सला एका टीव्ही केंद्रात नोकरीला गेली, मग न्यूयॉर्कला. तिथे सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन आणि त्याच्या 'एम-बेस' या तरुण मंडळींच्या गटात गायली. हे अवघड, गणिती तालांचं संगीत होतं. १९८८ साली 'ब्लू स्काइज' नावाचा जुन्या जॅझ गाण्यांचा अल्बम केला, तो लोकांना आवडला. त्याच वाटेनं जाऊन ती आयुष्यभर सुखानं गाऊ शकली असती. पण १९९३ मध्ये 'ब्लू लाइट टिल डॉन' आला आणि वाट बदलली. त्यात डेल्टा ब्लूजचा, म्हणजे मिसिसिपीकडच्या काळ्या लोकांच्या संगीतातला रॉबर्ट जॉन्सन होता, जोनी मिचेल होती, व्हॅन मॉरिसन होता, मेम्फिसच्या सोल संगीतातली अ‍ॅन पीबल्स होती. जॅझ गायिकेनं काय गावं याची जी एक ठरलेली पोथी होती, ती तिनं बाजूला ठेवली आणि लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं गाणं आपलं मानलं. 'न्यू मून डॉटर' त्याच्या पुढची पायरी आहे, आणि माझ्या मते अधिक धीट.

अल्बम सुरू होतो तोच 'स्ट्रेंज फ्रूट'नं. हे गाणं लिहिलं न्यूयॉर्कमधल्या एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकानं, आधी कविता म्हणून. १९३० साली इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावात दोन काळ्या तरुणांना जमावानं झाडाला लटकवलं. त्याचा फोटो मीरोपोलनं पाहिला आणि तो त्याला झोपू देईना. १९३९ मध्ये जॅझ गायिका बिली हॉलिडेनं न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत ते गायला सुरुवात केली. कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, वेटरांनी हातातलं काम थांबवायचं, दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. तिच्या नेहमीच्या रेकॉर्ड कंपनीनं ते गाणं घ्यायला नकार दिला, म्हणून ते कमोडोर या छोट्या कंपनीकडे ध्वनिमुद्रित झालं. यानंतर हे गाणं गाणं म्हणजे हॉलिडेच्या सावलीत उभं राहणं. बहुतेक गायिका तिथे दुःखाचा सूर आणखी ताणतात, आणि गाणं नाटकी होतं.

विल्सन त्याला चालतं करते. हॉलिडेकडे हे गाणं जवळजवळ निश्चल आहे. इथे मात्र बेसचा एक जड तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, लोखंडी घसरत्या गिटारची ओरखडल्यासारखी एखादी रेघ मध्येच उमटते, आणि ती गात असते ती साक्षीदाराच्या सुरात. न्यूयॉर्कच्या क्लबात बसलेल्या श्रोत्यांना दूरच्या दक्षिणेत काय चाललंय ते सांगणारा आवाज नाही हा. टस्कीगी या अलाबामातल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेनं ठेवलेल्या नोंदींमध्ये १८८२ ते १९६८ या काळात सर्वाधिक झुंडबळी, ५८१, एकट्या मिसिसिपीत गेलेले आहेत. ती तिथलीच. ज्या झाडांबद्दल गाणं आहे ती तिच्या शाळेच्या वाटेवरच्या जातीची झाडं आहेत. तिला ते भयंकर आहे असं वेगळं सांगावं लागत नाही. अल्बमची सुरुवात अशी करणं हे धाडसच आहे, आणि मला ते पटतं. पुढची सगळी प्रेमगीतं, चंद्राची आणि गाड्यांची गाणी आपण त्या झाडांखालून गेल्यावर ऐकतो.

त्यानंतर यू-टू या आयरिश रॉक बँडचं 'लव्ह इज ब्लाइंडनेस'. त्यांचा गायक बोनो यानं हे गाणं लिहिताना गायिका नीना सिमोनचा आवाज मनात धरला होता. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, चार वर्षांनी विल्सनपर्यंत पोचलं, आणि माझ्या मते योग्य घरी आलं. 'डेथ लेटर' हे ब्लूज गायक सन हाउसचं, मिसिसिपी डेल्टाचं. सकाळी पत्र येतं की तुझं माणूस गेलं. 'स्कायलार्क' हे होगी कारमायकल आणि जॉनी मर्सर यांचं चाळीसच्या दशकातलं, जॅझवाल्यांच्या पोथीतलं हक्काचं गाणं. गंमत अशी की नेमक्या त्यालाच तिनं कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या संगीतातलं पेडल स्टील गिटार लावलं आहे. जॅझचं गाणं असं गावाकडे नेलं, आणि कंट्रीचं गाणं जॅझकडे आणलं. मधूनमधून तिची स्वतःची गाणी आहेत. त्यातलं 'सॉलोमन सँग' मला आवडतं, पण या शेजारात बाकीची जरा फिकी पडतात, हे म्हटलंच पाहिजे.

आता ते कंट्रीचं गाणं. हँक विल्यम्सचं 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय'. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सिनसिनाटीत ध्वनिमुद्रित झालं. त्यात रातव्याच्या कुळातला एक पक्षी ओरडतो, मध्यरात्रीची गाडी लांबून जाते, तारा निखळतो, आणि गाणारा एकटा असतो. विल्यम्सच्या मनात हे गाणं मुळात गायचं नव्हतं, नुसतं बोलून म्हणायचं होतं. त्याच्या रेकॉर्डवर मात्र तीन मात्रांचा झुलता वॉल्ट्झ आहे, फिडल आहे, स्टील गिटार आहे, आणि त्याचा तो चिरत जाणारा उंच आवाज. एकोणतिसाव्या वर्षी, १९५३ च्या १ जानेवारीला, गाडीच्या मागच्या सीटवर तो गेला.

कंट्री हे गोऱ्यांचं संगीत, असं अमेरिकेत आणि त्यामुळे आपल्याकडेही सरसकट समजतात. पण हँकला अलाबामात लहानपणी गिटार शिकवली ती रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या वादकानं. लोक त्याला टी-टॉट म्हणत. म्हणजे हँकच्या गाण्यात जो ब्लूज आहे तो एका काळ्या माणसाच्या हातून त्याच्या हातात आला. मिसिसिपीची ही बाई जेव्हा ते गाणं गाते तेव्हा ती परक्याच्या अंगणात पाहुणी म्हणून आलेली नसते. आणि तिचं गाणं इतकं संथ आहे, शब्द इतके बोलण्याच्या जवळ जातात, की हँकच्या मनात होतं ते तेच असावं असं मला वाटत राहतं.

हे गाणं मी माझ्या मामांना ऐकवलं होतं. मामा सांगलीचे, नाट्यसंगीतावर वाढलेले, इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काही संबंध नाही. मी म्हटलं, "मामा, शब्द सोडा, नुसतं ऐका." ते डोळे मिटून बसले. बोटं गुडघ्यावर लय शोधत होती, ती थोड्या वेळानं थांबली. गाणं संपल्यावर म्हणाले, "ही बाई अजिबात घाईत नाही गं. आणि स्वर लावून झाला की सोडून देते, धरून ठेवत नाही. आपल्याकडे एवढ्या जागा असत्या तर कुणी तानांनी भरून टाकल्या असत्या." मग म्हणाले, "मूळ कसं आहे ते लाव." मी हँक लावला. मला वाटलं होतं ते नाक मुरडतील. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आणि निकाल हँकच्या बाजूनं दिला! "हा खरोखर रडतोय गं. ती रडून झाल्यावर गातेय." मी बराच वाद घातला. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, कारण त्यांनी जे कमी म्हणून सांगितलं तेच मला तिच्या गाण्याचं मोठेपण वाटतं. सगळा अल्बम रडून झाल्यानंतरचा आहे. आवाज स्थिर झाल्यावर माणूस जे बोलतो ते.

शेवटचं गाणं नील यंगचं 'हार्व्हेस्ट मून', तेव्हा अवघ्या तीन वर्षांपूर्वीचं. जुन्या झालेल्या जोडप्याचं गाणं, चल, पुन्हा एकदा नाचू या म्हणणारं. नीलच्या मूळ रेकॉर्डवर तालासाठी चक्क झाडू वापरला आहे, जमिनीवर फिरणाऱ्या केरसुणीचा खर्र-खर्र असा आवाज कान देऊन ऐकलात तर सापडतो. नाचणाऱ्यांची पावलं घासल्यासारखा. मला ती कल्पना अतिशय आवडते. विल्सन तो ठेकाही ठेवत नाही. तिच्याकडे गिटारच्या तारेवर अलगद बोट टेकवून काढलेले काचेसारखे स्वर आहेत आणि तालवाद्यांचे रातकिड्यांसारखे बारीक आवाज. गाणं सुरू झालंय की नुसती रात्र चालू आहे हे पहिल्या काही क्षणांत कळत नाही. नाचण्याची लय तिनं इतकी उतरवली आहे की त्यावर नाचायचं म्हटलं तर दोन माणसांना फक्त एकमेकांना धरून उभं राहता येईल. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेली माणसं बहुधा तशीच नाचतात. नील यंग 'अजूनही प्रेम आहे' असं सांगतो, विल्सनच्या आवाजात ते सांगायची गरज उरत नाही.

या अल्बमचा पुढे किती परिणाम झाला, यावर लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहिलंय. एवढंच नोंदवते की २००२ मध्ये गायिका नोरा जोन्सचा पहिला अल्बम ब्लू नोटनंच काढला. त्याची सुरुवातीची काही सत्रं क्रेग स्ट्रीटनंच केली होती. कंट्री, जॅझ आणि पॉप असं शांतपणे एकत्र आलेलं ऐकायला एव्हाना लोकांचा कान तयार होता, तो काही आपोआप झालेला नव्हता.

त्याच २००२ मध्ये विल्सनचा 'बेली ऑफ द सन' आला. त्यासाठी ती मिसिसिपीला परत गेली आणि क्लार्क्सडेल गावातल्या वापरात नसलेल्या जुन्या रेल्वे स्टेशनात तिनं ध्वनिमुद्रण केलं. 'द बँड'चं 'द वेट', बॉब डिलनचं 'शेल्टर फ्रॉम द स्टॉर्म', आणि जिमी वेबनं लिहिलेलं, ग्लेन कॅम्पबेलनं १९६८ साली गाजवलेलं 'विचिता लाइनमन' त्यात आहे. इथे पियानोही परत येतो. 'डार्कनेस ऑन द डेल्टा' या एका गाण्यात बूगालू एम्स या तिथल्याच ऐंशी ओलांडलेल्या वादकानं साथ केली आहे. अल्बम म्हणून तो 'न्यू मून डॉटर'इतका एकजीव नाही, थोडा पसरलेला आहे. पण 'विचिता लाइनमन' ऐकाच. ओसाड मैदानात विजेच्या खांबांवर काम करणारा एक माणूस, तारांच्या गुणगुणण्यात त्याला ऐकू येणारी ती, आणि कॅम्पबेलच्या रेकॉर्डवरचा सगळा वाद्यवृंद बाजूला सारून विल्सननं त्याला दिलेला एकांत. पुढच्या वेळी सांगलीला गेले की मामांना हेच ऐकवणार आहे. फक्त आधी कॅम्पबेल लावायचा की आधी ती, यावरून फोनवर आतापासूनच आमचं वाजलंय. ते म्हणतात मूळ आधी. मी म्हणते, मुळीच नाही.